दहा गुंठे घास: पहिल्या पेरणीपासून घरच्या बियापर्यंत

दोन गाई दावणीला बांधल्या की पहिला प्रश्न दुधाचा नसतो, हिरव्या चाऱ्याचा असतो. गेल्या दोन-तीन वर्षांत आमच्या सिन्नर-निफाड भागात नव्याने गोठा सुरू करणारी पोरं बरीच दिसतात. कुणी नोकरी सोडून आलेलं असतं, कुणाची द्राक्षबाग काढलेली असते. ती विचारतात, "भाऊ, नेमकं लावायचं काय?" मी सांगतो, नेपियर बांधाला लावा, मका हंगामात करा, पण दहा गुंठे लसूणघास (ल्युसर्न) आधी टाका. त्या दहा गुंठ्यांचं सगळं इथे ओळीने सांगतो, आणि त्यातच घरचं बी कसं धरायचं तेही. बी विकत आणून घास लावणारे खूप आहेत, बी धरणारे थोडे. माझ्या मते खरं काम तिथे आहे.

रायघासाबद्दलही विचारणा होते. ते मुळात थंड हवेचं गवत. काश्मीर, हिमाचल, निलगिरी अशा ठिकाणी त्याची कुरणं होतात. आपल्याकडे ऑक्टोबरात पेरलं तर थंडीभर कापण्या देतं, पण मार्चचं ऊन लागलं की बसतं. शिवाय ते गवत असल्यामुळे प्रत्येक कापणीनंतर नत्र मागतं. थंडीपुरता जोडचारा म्हणून एखादा तुकडा लावायला हरकत नाही. वर्षभराचा आधार मात्र लसूणघासच. तो शेंगवर्गातला आहे, नत्र स्वतः कमावतो, आणि एकदा बसला की तीन-चार वर्षं हलत नाही.

आधी जमीन पाहा

घासाला पाणी हवं, पण मुळाशी साचलेलं पाणी अजिबात चालत नाही. त्याचं सोटमूळ खोल जातं. वर दोन वीत घास दिसत असला तरी खाली मूळ पुरुषभर उतरलेलं असतं. म्हणून मध्यम ते भारी, पण निचऱ्याची जमीन निवडा. चोपण (क्षाराने घट्ट झालेला) किंवा पाणथळ तुकडा नको. इगतपुरी, त्र्यंबकच्या पावसात बहुवर्षीय घास मुळाने कुजतो, तिथे याच्या नादी न लागलेलं बरं. सिन्नर, निफाड, येवला, चांदवड, दिंडोरीचा पूर्वेकडचा भाग, इथे तो छान येतो. भारी काळी जमीन असेल तर पावसाचं पाणी बाहेर काढणारी चारी पेरणीआधीच काढून ठेवा.

पाण्याचाही विचार आत्ताच करा. फक्त कालव्याच्या आवर्तनावर घास धरू नका. उन्हाळ्यात त्याला आठ-दहा दिवसांनी पाणी लागतं आणि आवर्तन तेवढ्या लवकर येत नाही. विहीर किंवा शेततळं हवंच.

आणखी एक. ज्या तुकड्यात आदल्या वर्षापर्यंत घास होता, तिथे लगेच पुन्हा घास पेरू नका. जुन्या घासाच्या मुळा-पानांतून जमिनीत असे पदार्थ उतरतात की त्याच्याच जातीची नवी रोपं तिथे दबून राहतात. एक-दोन वर्षं दुसरं पीक घ्या, मग या.

बी: इथे घाई करू नका

आमच्या पहिल्या घासाची गोष्ट सांगतो. बाजारातल्या एका दुकानातून सुटं बी आणलं, किलोमागे बरंच स्वस्त पडलं होतं. उगवण उत्तम झाली. दुसऱ्या कापणीला एका वाफ्याच्या कोपऱ्यात पिवळ्या दोऱ्यासारखं काहीतरी घासाला गुंडाळलेलं दिसलं. आईने लांबूनच ओळखलं, "अमरवेल आहे ती." मी ओढून काढली आणि बांधावर टाकली. दोन महिन्यांत निम्म्या वाफ्यांवर पिवळी जाळी पसरली. सगळा घास मोडावा लागला आणि त्या जमिनीत पुढे कितीतरी वर्षं घास घेता आला नाही, कारण अमरवेलीचं बी जमिनीत दहा-दहा वर्षं जिवंत पडून राहतं.

तेव्हापासून आमच्याकडे बी आलं की आधी पांढऱ्या ताटलीत चिमूटभर पसरतो आणि खाली वाकून बघतो. तुम्हीही बघा. घासाचं बी मूत्रपिंडासारखं किंचित वाकडं, गुळगुळीत, पिवळसर असतं. अमरवेलीचं बी त्याहून बारीक, गोलसर, करडं-तपकिरी आणि खडबडीत असतं. खडबडीत असल्यामुळे ते मखमली कापडाला चिकटतं, घासाचं बी घरंगळून खाली जातं. बियाणं स्वच्छ करणाऱ्या काही यंत्रांचे रूळ याचसाठी मखमलीचे असतात. ताटलीत एक दाणा जरी तसा दिसला तर ते बी परत करा. पैसे परत मिळाले नाहीत तरी पेरू नका.

दुसरी खूण रंगाची. ताजं बी पिवळसर-हिरवट, चकचकीत. जुनं होत गेलं की तांबूस पडतं आणि उगवण घटते. शंभर दाणे ओल्या गोणपाटाच्या तुकड्यात गुंडाळून ठेवा, आठ-दहा दिवसांनी मोजा. ऐंशी उगवले तर बी चांगलं.

वाण कोणता? बहुवर्षीय घासासाठी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा आर. एल. ८८ आपल्या हवेत उत्तम चालतो. गुजरातचा आनंद-२ ही चांगला आहे. विद्यापीठाच्या बियाणे विक्रीतून किंवा प्रमाणित पिशवीतूनच घ्या.

पेरणी

ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबर अखेरपर्यंत पेरा. डिसेंबरात निफाडकडे पारा कधी कधी चार-पाच अंशांवर येतो, त्या थंडीत उगवण रखडते आणि तणं पुढे जातात. अडचण अशी की याच दिवसांत द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी आणि कांद्याची लावण चालू असते, मजूर मिळत नाही. म्हणून वाफे सप्टेंबरअखेर पाऊस उघडला की बांधून ठेवा.

वाफ्यांचा हिशेब नीट समजून घ्या, पुढे रोजचं काम त्यावर चालतं. घास साधारण महिन्याने पुन्हा कापायला येतो. म्हणून दहा गुंठ्यांत तीस वाफे पाडायचे, एकेक तीन मीटर रुंद आणि दहा मीटर लांब. रोज एक वाफा कापायचा. तिसाव्या दिवशी शेवटचा कापून होतो तोवर पहिला तयार असतो. चांगला बसलेला घास वर्षाला हेक्टरी ऐंशी ते शंभर टन हिरवा चारा देतो. दहा गुंठ्यांना तो आठ टनांच्या घरात जातो, म्हणजे रोज वीस-बावीस किलो. दोन दुभत्या गाईंना आठ-दहा किलो प्रत्येकी, एवढं ते नीट पुरतं. पाच गाई असतील तर दहा गुंठ्यांवर ओढाताण करू नका, क्षेत्र वाढवा.

दहा गुंठ्यांना लागणारं सामान असं: अर्धी ट्रॉली चांगलं कुजलेलं शेणखत (कच्चं घातलंत तर तणाचं बी घालताय असं समजा), पन्नास किलोची एक गोणी सिंगल सुपर फॉस्फेट, सहा-सात किलो पोटॅश आणि फक्त चार-पाच किलो युरिया. युरिया सुरुवातीच्या महिन्याभरापुरताच. नवीन माणूस युरियाच्या जोरावर घास वाढवायला बघतो आणि त्यात गवत वाढवून घेतो. घासाची भूक स्फुरदाची (फॉस्फरसची) आहे. पुढेही दर चार कापण्यांनंतर अर्धी गोणी सुपर फॉस्फेट द्या.

बी अडीच किलो. रात्रभर पाण्यात भिजवा, कारण काही दाण्यांचं कवच कठीण असतं. सकाळी सावलीत सुकवून त्याला घासासाठीचंच रायझोबियम (मुळांवर गाठी करून नत्र धरणारं जिवाणूखत) लावा. हरभऱ्याचं किंवा सोयाबीनचं पाकीट चालत नाही, प्रत्येकाचे जिवाणू वेगळे. गुळाच्या पाण्यात कालवून, हाताने हलकं चोळून, पुन्हा सावलीत अर्धा तास.

मग वाफ्यात एक फुटावर बोटाने किंवा खुरप्याने उथळ रेघा ओढा आणि बारीक वाळूत मिसळलेलं बी त्यात सोडा. फोकून पेरणारे खूप आहेत, पण ओळीत पेरलं तर खुरपणी सोपी जाते आणि अमरवेल लवकर दिसते. एका ग्रॅममध्ये साडेचारशे-पाचशे दाणे बसतात इतकं हे बी बारीक आहे. एक-दीड सेंटिमीटरच्या खाली गेलं तर वर येत नाही. वरून फक्त हात फिरवायचा. पहिलं पाणी अगदी सावकाश, दाऱ्याच्या तोंडाशी गोणपाट टाकून, नाहीतर सगळं बी वाफ्याच्या शेवटाला गोळा होतं. चौथ्या दिवशी आंबवणी, म्हणजे दुसरं पाणी द्या.

पहिले दोन महिने

या काळात घास पाहून मन खट्टू होतं. वर बोटभर रोप आणि भोवती तणच तण. दुसऱ्याचा कांदा डोळ्यादेखत वाढतो, आपला घास तिथेच. तो आधी खाली वाढत असतो. तिसऱ्या आठवड्यात एक खुरपणी, पाचव्या-सहाव्या आठवड्यात दुसरी, या दोन चुकवू नका. पाणी दहा-बारा दिवसांनी.

चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी एक रोप ओल्या मातीसकट खुरप्याने हळूच उचला, उपटू नका. माती पाण्यात धुवा. मुळांवर लहान लांबट गाठी दिसतील. एक गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी-लालसर निघाली तर जिवाणू कामाला लागले, युरियाची गोष्ट आता विसरा. पांढऱ्या, हिरवट निघाल्या किंवा गाठीच नसल्या तर थोडं नत्र द्यावं लागेल.

पहिली कापणी पन्नास-साठ दिवसांनी. गाई उपाशी बघवत नाहीत म्हणून चाळिसाव्या दिवशी विळा लावणारे आहेत. तसं करू नका. पहिल्या कापणीपर्यंत मुळात जो साठा होतो, त्यावर घासाची पुढची सगळी वर्षं जातात.

कापताना जमिनीपासून चार बोटं वर कापा. बुडाशी खोडाचा गड्डा असतो आणि नवे फुटवे त्यातूनच येतात. जमिनीलगत खरवडून कापलेला घास दुसऱ्या वर्षी पातळ होतो. याच कारणाने शेळ्या-गाई घासात सोडून चारू नयेत. तोंड अगदी बुडाशी लागतं आणि खुरांनी गड्डे चेचतात. पुढच्या कापण्या दहातल्या एखाद्या काडीला जांभळं फूल दिसलं की. थंडीत त्याला पस्तीस दिवस लागतील, एप्रिल-मेमध्ये पंचवीसच. मावा दिसला तर फवारणीच्या मागे न लागता वाफा आठ दिवस आधी कापून घ्या, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

गव्हाणीत टाकण्याआधी

घासात प्रथिनं भरपूर, कोरड्या वजनावर धरली तर अठरा-वीस टक्के. पण तोच कोवळा, दवाने ओला घास उपाशी गाईने भरपूर खाल्ला की पोटात फेस धरतो, वायू अडकतो आणि डावी कूस नगाऱ्यासारखी फुगते. याला थट्टेवारी नेऊ नका, तासा-दोन तासांत जनावर जातं.

सकाळी कापलेला घास दुपारपर्यंत सुकू द्या. आधी कडबा किंवा भुसकट टाका, मग त्याची आणि घासाची कुट्टी एकत्र करून द्या. नवीन गाय आणली तर पहिल्या आठवड्यात दोन किलोपासून सुरुवात करा. तरी पोट फुगलंच तर गाय उभी ठेवा, पुढचे पाय चढावर येतील अशी. डॉक्टरला लगेच फोन लावा, सरकारी फिरत्या पथकाचा क्रमांक १९६२ आहे. ते येईपर्यंत पाव ते अर्धा लिटर गोडेतेल थोडं थोडं पाजा. मान फार वर ओढू नका आणि जीभ बाहेर धरून पाजू नका, तेल श्वासनलिकेत गेलं तर दुसरंच दुखणं उभं राहतं. कूस टोचायचं काम डॉक्टरचं.

आता बी धरू या

पहिल्या वर्षी बी धरू नका. दुसऱ्या वर्षी तीसपैकी चार-पाच चांगले वाफे राखून ठेवा, तेही शेजारच्याच्या घासापासून लांबच्या बाजूचे. त्यात जे दाट असेल ते विरळ करा. बियाच्या घासाला ऊन बुडापर्यंत लागायला हवं. वेगळ्या दिसणाऱ्या काड्या, पिवळी किंवा पांढरी फुलं आलेली रानमेथी, अमरवेलीचा एखादाही दोरा, सगळं काढून टाका. अमरवेल दिसली तर दोरा ओढत बसू नका. ती ज्या घासावर चढलीय तो सगळा गोल, हातभर जास्तीचा धरून कापा आणि वाळवून तिथेच जाळा. बांधावर टाकू नका, गुरांनाही घालू नका, बी शेणातून परत शेतात येतं.

या वाफ्यांची शेवटची कापणी जानेवारीच्या अखेरीस, फार तर फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. त्यानंतर विळा नाही. मार्चमध्ये फुलं येतात, शेंगा एप्रिलमध्ये पिकतात. याहून उशीर केला तर शेंगा मेच्या वळवात सापडतात. फुलोऱ्यापासून पाणी आखडतं घ्या. भरपूर पाणी दिलं तर घास बुडातून पुन्हा फुटतो, हिरवा होतो, शेंग भरत नाही. अगदीच तोडलं तर फुलं गळतात. पान दुपारी किंचित मलूल आणि संध्याकाळी ताजं, हे लक्षात ठेवून हलकं पाणी द्या.

घासाच्या बियात खरी गंमत फुलाची आहे. एक जांभळं फूल तोडून हातात घ्या. खालच्या दोन पाकळ्या जुळून होडी झालेली दिसेल. तिच्या आत केसरांची दांडी ताणलेल्या धनुष्यासारखी दाबून बसलेली असते. एक बारीक काडी होडीच्या तोंडात घालून अलगद खाली दाबा. टचकन दांडी उसळते आणि वरच्या मोठ्या पाकळीवर आपटते. शेतात हे काम माशी करते. तिच्या पोटाला परागकण फासले जातात, फुलाचं टोक दुसऱ्या झाडाचे कण घेतं आणि शेंग धरते. जे फूल उसळलं नाही ते चार-सहा दिवसांत रिकामंच गळतं. म्हणजे बी किती येणार हे खतावर नाही, माशीवर ठरतं.

पेटीतली मधमाशी इथे फार उपयोगाची नाही. दांडीचा फटका एक-दोनदा बसला की ती बाजूने सोंड घालून मध प्यायला शिकते आणि फूल तसंच राहतं. खरं काम करतात त्या एकट्या राहणाऱ्या पानकापी माश्या. गुलाबाच्या पानाच्या कडेला कंपासने काढावं तसं अर्धगोल कापलेलं कधी पाहिलंय? ती हिची करणी, त्या तुकड्यांनी ती घरट्यात पिलांच्या खोल्या बांधते. गुलाबाच्या शेतीवाल्यांना ती कीड वाटते. आम्ही तिच्यासाठी गोठ्याच्या पूर्वेकडच्या भिंतीला पोकळ बांबूचे वीतभर तुकडे मोळी करून टांगले आहेत, तोंड उन्हाकडे. पेन्सिल जाईल एवढं भोक पुरतं. मार्चमध्ये त्यांची तोंडं पानांनी बुजलेली दिसली की मला बियाची खात्री वाटते. बांधावरची रानफुलं आणि जुनी वाळकी खोडंही सगळी साफ करू नका.

आपल्याकडे द्राक्षाच्या फवाऱ्याची मोठी काळजी असते. त्यातल्या त्यात बरं असं की फेब्रुवारी-मार्चमध्ये माल तोडणीला आलेला असतो आणि औषधाचे अंश राहू नयेत म्हणून बागांत फवारणी कमी झालेली असते. घासाचा फुलोरा नेमका त्याच काळात बसवायचा, जानेवारीअखेरची कापणी त्यासाठीही आहे. तरी शेजाऱ्याला जाऊन सांगा, "दादा, घास फुलावर आहे, फवारायचं झालं तर संध्याकाळी फवारा." बहुतेक जण ऐकतात. आपल्या घासात शेंगा पोखरणारी अळी आली तर आपणही निंबोळी अर्क सूर्य मावळताना मारायचा.

काढणी आणि साठवण

शेंगा गोगलगायीच्या शंखासारख्या दोन-तीन वेढ्यांच्या असतात. हिरव्याच्या तपकिरी, मग काळपट होतात. सगळ्या एकदम पिकत नाहीत. चारातल्या तीन तपकिरी झाल्या की थांबू नका. उरलेल्या हिरव्यांच्या मोहात पडलात तर आधीच्या झडतात, आणि एप्रिलात आभाळ कधी भरून येईल सांगता येत नाही. एका गारपिटीत सगळं मातीत जातं.

पहाटे दव असताना कापा, त्यामुळे शेंगा फुटत नाहीत. थेट ताडपत्रीवर ठेवा, शेतात पेंढ्या पडू देऊ नका. तीन-चार दिवस उन्हात रोज उलथत राहा, शेंग बोटांत चुरली की खडखडते, मग काठीने झोडपा. सुपाने पाखडा, बारीक चाळणीने दोनदा चाळा. शेवटच्या चाळणीखाली पडलेला बारीक माल फेकू नका, जाळा, अमरवेलीचा दाणा असलाच तर तो त्यातच असतो. उरलेलं भुसकट गाई आवडीने खातात.

साधलं तर एकरी क्विंटलच्या आसपास बी निघतं, नवख्याला निम्मंच धरा. पाच वाफ्यांतून दोन किलोही निघालं तरी पुढचे दहा गुंठे जवळपास घरच्या बियावर होतात. दोन दिवस कडक ऊन देऊन, गार झाल्यावर, कोरड्या पत्र्याच्या डब्यात भरा. झाकणाच्या आत कडुलिंबाचा वाळका पाला टाका. डब्यावर वाण, वाफ्याचे नंबर आणि काढणीची तारीख लिहा. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात डबा उघडून शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी जुना घास पातळ पडायला लागेल. मोकळ्या जागी बी टाकून दाट करायचा मोह होतो, पण जुन्या घासाच्या सावलीत आणि त्याच्या मुळांनी धरलेल्या मातीत नवं रोप टिकत नाही. पावसाळा संपता संपता तो नांगरून टाका, तिथे गहू किंवा कांदा घ्या, खत बेताचंच घाला कारण मुळांनी जमिनीत नत्र ठेवलेलं असतं. आणि डब्यातलं बी शेजारच्या, कधी घास न पाहिलेल्या तुकड्यात पेरा.